अण्णारावांच्या डाव्या हाताची जागा

माझी मावशी बसम्मा गेल्या वर्षी रोज दुपारी जेवायची, भांडी घासायची, आणि कापसाचा पेळू पिशवीत टाकून स्वतःच्या समाधीच्या खड्ड्यात जाऊन बसायची. तिथं बसून ती फुलवाती वळायची. तिला वेड लागलंय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटो. गावातल्या अर्ध्या लोकांना तसं वाटतच होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांची पोरं तिनं बंद पाडलेल्या खदानीत कामाला होती.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवं झोपवतही नाहीत. त्याला मांडी घालून, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देऊन बसवतात. त्यासाठी पुरुषभर खोल चौकोनी खड्डा खणतात आणि आत एका अंगाला बसण्यापुरता कोनाडा काढतात. मग मीठ, विभूती आणि माती थराथरानं घालून, प्रत्येक थर हातानं नीट दाबत खड्डा भरतात, म्हणजे आतलं माणूस कलंडत नाही. गावाबाहेरच्या माळावर आमची रुद्रभूमी आहे. मुरुडहून लातूरकडं निघालात की डाव्या अंगाला जो फाटा फुटतो, तिथून आत. तिथं घराण्याघराण्याच्या रांगा ठरलेल्या आहेत. नवऱ्याच्या डाव्या हाताला बायकोची जागा. काका, म्हणजे अण्णाराव, तिथं बसून बारा वर्षं झाली आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा मावशीची. यावर कधी चर्चा झाली नव्हती, कारण घरातल्या पाटावर कोण कुठं बसणार यावर चर्चा होत नाही.

काकांचं गावात किराणा दुकान होतं. माणूस मऊ. गिऱ्हाईकानं आवाज चढवला की ते आत बघायचे आणि आतून मावशी यायची. उधारीपासून पाहुण्यांपर्यंत सगळी भांडणं तिनंच निस्तरली. लहानपणी सुट्टीला आले की मला वाटायचं, ही बाई भांडते किती! आता माझी पन्नाशी जवळ आली, नांदेडला कॉलेजच्या लायब्ररीत मी रोज अठरा जणांना 'हो सर' म्हणते, आणि आता मला वाटतं, ही बाई भांडली नसती तर काकांचं दुकान पहिल्याच वर्षी बसलं असतं.

रुद्रभूमीच्या खालच्या अंगाला गुरुपादप्पाची दगडाची खदान आहे. गुरुपादप्पा आमच्यातलाच. शेजारच्या गल्लीतला, मावशीच्या मांडीवर खेळलेला. त्याची आई गुरम्मा ही मावशीची जिवाभावाची मैत्रीण; दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. त्याचे वडील शिवमूर्ती रुद्रभूमीत त्याच रांगेत आहेत, काकांपासून तिसरे. त्यांच्यावर पोरानं शहाबादी फरशीचा देखणा ओटा बांधलाय. खदानीला परवानगी मिळाली तेव्हा अट घातली होती की रुद्रभूमीच्या बाजूची पट्टी खोदायची नाही, ती तशीच सोडून तिच्यावर झाडं लावायची. कागदावर ती पट्टी अजूनही हिरवीगार आहे. प्रत्यक्षात पोकलेन खालून मुरूम कोरत कोरत रांगेच्या पायाशी पोचलं. पलीकडं सुरुंग उडाला की इथली माती भुरभुर खाली जायची. एका पावसाळ्यात काकांच्या मागं माळावर एक लांब भेग पडली. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यात मावशीचा हात कोपरापर्यंत गेला.

मावशीचा मुलगा सोमेश चंद्रपूरकडं जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत सर्व्हेला आहे. वरची जमीन किती खचली, कुठं भेग पडली, हे मोजणं हेच त्याचं काम. तिनं त्याला भेगेचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"अव्वा, आमच्याकडं वर देऊळ असलं, वस्ती असली, मसणवट असली तर खालचा कोळसा तसाच उभा ठेवतात. खांब म्हणून. आणि काढलाच तर पोकळीत पाण्यासंगं वाळू सोडून ती गच्च भरतात. न्हाईतर वरचं सगळं खाली येतंय. तुमच्याकडं तर उघड्यावर कोरायलेत!"

"मग मी काय करू?"

"अर्ज कर."

मावशीनं अर्ज केले. तिच्या स्वभावाला ते शोभत नव्हतं, पण पोराचा शब्द म्हणून केले. मग एक दिवस पाहणीला साहेब आले. ते यायच्या आदल्या दिवशी पट्टीवर कडुनिंबाची रोपं आली. साहेबांनी फोटो काढले, भेगेवर बुटाचं टोक आपटलं आणि ही वरवरची आहे, उन्हानं जमीन तडकते, असं सांगून चहा घेतला. ते गेल्यावर मावशीनं एक रोप उपटून पाहिलं. ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरलेलं होतं. तिनं ते रोप तसंच उचललं, गुरुपादप्पाच्या दारात नेऊन ठेवलं आणि ओसरीवर बसलेल्या गुरम्माला म्हणाली, "तुझ्या लेकाला सांग, पोराला झबल्यासकट आंघोळ घालत नसतात." गुरम्मा तोंडाला पदर लावून हसली म्हणे. ती लेकापुढं कधी बोलायची नाही, पण हसायला भीत नव्हती.

त्यानंतर मावशीनं अर्ज करणं सोडलं आणि किशनरावला बोलावलं. गावात समाधीचा खड्डा तोच खणतो.

"कोण गेलं, अव्वा?" त्यानं विचारलं.

"कोण न्हाई. मी जाणार हाय."

"कवा?"

"ते मलाच ठाऊक न्हाई, तुला काय सांगू? तू खण."

किशनराव कानाला हात लावून मागं सरला. आमच्याकडं एक गोष्ट सगळे मानतात, शिकलेलेसुद्धा. समाधीचा खड्डा एकदा खणला की तो रिकामा ठेवायचा नाही आणि रिकामा बुजवायचा तर मुळीच नाही. रिकामा राहिला तर तो गावातलं माणूस मागतो, आणि जो बुजवील त्याच्या तर घरातलंच, म्हणतात. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. किंबहुना तिचा सगळा डाव त्यावरच उभा होता. तिनं घरून खड्यामिठाचं पोतं आणि विभूतीचा डबा आणला. स्वतःसाठी तिनं तो बरीच वर्षं जमवून ठेवला होता. म्हणाली, "हे आत ठेवू. मग रिकामा कसा?" किशनराव विचारात पडला, आणि एकदा तो विचारात पडला की मावशीचं काम झालेलं असायचं. काकांच्या डाव्या हाताला, खदानीच्या कडेपासून दोन पावलांवर, खड्डा तयार झाला.

गुरुपादप्पानं ते पाहिलं आणि त्याच्या पोकलेनवरच्या लखनला खड्डा बुजवायला सांगितलं. लखन मुखेडकडचा, तिशीचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं मशीन जागेवरच बंद केलं.

"मालक, मशीन तुमचं हाय, पन लेकरं माझी हायत. मी ते न्हाई करत."

मग दुसऱ्या ऑपरेटरला सांगितलं, त्यानंही न्हाई म्हटलं. हाच गुरुपादप्पा सरकारच्या अटी पिशवीसकट पुरत होता, पण स्वतः फावडं घेऊन खड्ड्यापाशी जायची त्याची छाती झाली नाही.

मग मावशीनं पुढचं पाऊल टाकलं. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो आणि जवळपास माणूस दिसलं तर उडवायचा नाही, हा खदानीतला सगळ्यात कडक नियम. सुरुंगवाला तो मोडत नाही, कारण मोडला तर तुरुंगात तो जातो, मालक नाही. रोज भोंग्याच्या वेळेआधी मावशी शिडीनं खड्ड्यात उतरायला लागली. मिठाच्या पोत्याला टेकायची, कोनाड्यात मांडी घालायची आणि वाती वळायची. भोंगा वाजून वाजून थकायचा.

पोलीस आले. वरून वाकून एकानं विचारलं, "आजी, इथं काय करताय?"

"बसलेय. माझी जागा हाय. मापात झालीय का बघायलेय."

"कुणी बसवलं तुम्हाला?"

"अजून कुणी बसवलं न्हाई. बसवतील तवा तुम्हाला सांगायला मी नसंन."

पोलीस हसत परत गेले. तेवढ्यात गुरम्माच्या घरून तिच्यासाठी ताकाचा तांब्या आला. हो, गुरुपादप्पाच्या घरून! लेकाची खदान बंद पाडणाऱ्या बाईला त्याची आई रोज ताक पाठवत होती, आणि तेसुद्धा जिरं-हिंग घालून.

मी नांदेडहून गेले ती सोमेशनं फोनवर काकुळती केली म्हणून. त्याला खदान थांबवायची होती, पण आई कडेवरून खाली गेलेली नको होती. "ताई, ती कड कधी सुटंल सांगता येत न्हाई. तू तिला वर काढ." मी बसनं लातूर, तिथून मुरुड, मग रिक्षा करून थेट रुद्रभूमीत गेले आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिच्यावर ओरडले. माझं सगळं शिक्षण, पगार आणि काळजी एकत्र करून ओरडले. मावशीनं वात पूर्ण वळली.

"मंजुश्री, तू नांदेडात फ्लॅट घेतलास तवा गॅलरी कमी दिली म्हणून बिल्डरशी दोन वर्षं भांडलीस. खरं का खोटं?"

"ते वेगळं. तिथं मी राहते."

"मग मी इथं किती दिवस राहणार हाय असं वाटतं तुला?"

मला तिचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला होता. मी शिडीनं खाली उतरले आणि तिच्यासमोर बसून वाती वळू लागले. आत गार होतं. डाव्या भिंतीत बोटभर रुंद भेग होती आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. तो उजेड पाहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. ही बाई काय मागत होती? नवऱ्याच्या शेजारी बसायला हातभर जमीन. तीसुद्धा धड उभी राहणारी नव्हती.

त्याच आठवड्यात सकाळी गुरम्मा गेली. पूजा करून उठताना खाली बसली ती उठली नाही.

मावशी रडली. आमच्यात लिंगैक्य झालेल्या माणसासाठी रडू नये म्हणतात, पण ती भिंतीकडं तोंड करून चांगली मोठ्यानं रडली, मग तोंड धुऊन गुरम्माकडं गेली. तिथं ओसरीवर गुरम्माला खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. भजनं सुरू होती. आणि मावशी उंबऱ्यात दिसताच बायकांची कुजबूज थांबली. गुरुपादप्पा उठला. डोळे सुजलेले.

"तुमच्या खड्ड्यानं माझी आई नेली," तो सगळ्यांपुढं म्हणाला. "कितींदा सांगितलं बुजवा म्हणून. मागितलंच त्यानं माणूस!"

मी मावशीच्या शेजारीच होते. तिनं माझा हात सोडून दाराची चौकट धरली. क्षणभर मला वाटलं, आता ही मोडली. कारण मैत्रीण गेल्याचं दुःख तिला होतं, आणि तो जे बोलला ते तिच्याही मनात कुठंतरी येऊन गेलं असणार.

"गुरुपाद," ती म्हणाली, "मी एक खड्डा खणला. माणूसभर. तू खणलेला केवढा हाय ते जाऊन बघ. माझा खड्डा एक माणूस मागतो, तर तुझा किती मागंल?"

भजनाचा टाळ चुकला.

खरा घोळ पुढंच होता. विधीसाठी आलेले स्वामी जागा दाखवायला रुद्रभूमीत गेले, बरोबर किशनराव आणि गुरुपादप्पा. शिवमूर्तींच्या डाव्या हाताला गुरम्माची जागा. पण शहाबादी ओट्याच्या पलीकडं जागाच नव्हती. होती ती गेल्या पावसाळ्यात खाली गेली होती. ओट्याची एक फरशी अधांतरी होती. गुरुपादप्पा रोज खदानीत यायचा तो खालच्या रस्त्यानं, गाडीतून. वर आपण काय उरवलंय हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. वडिलांवर ओटा बांधला म्हणजे त्यांची सोय झाली, असं तो धरून चालला होता.

तो तसाच त्या दोघांना घेऊन मावशीकडं आला. या वेळी आवाज खाली.

"मावशी, तुमचा खड्डा तयार हाय. आईला तिथं बसवू द्या. तुम्हाला मी दुसरीकडं संगमरवरी बांधून देतो."

मावशीनं त्याच्याकडं पाहिलं. "गुरम्मासाठी मी जीव बी दिला असता. पन माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताला तुझ्या बापाची बायको बसवायला निघालास व्हय रे?"

स्वामींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. गुरुपादप्पा लाल झाला.

"मग आईला बसवू कुठं?"

"तिच्या जागी. जागा तू नेलीस, तूच आणून ठेव."

तेवढ्यात सोमेशही येऊन पोचला होता. गुरम्माच्या हातचं खाऊन तो वाढला होता. त्यानं खाली जाऊन कड पाहिली आणि गुरुपादप्पाला सरळ सांगितलं, "दादा, नुसता दगडाचा कच ओतून भागणार न्हाई. पायाशी मोठे दगड लावा, मग मुरूम. थर टाका, पाणी मारा, दाबा, मग पुढला थर."

"आपण समाधी भरतो तसं," किशनराव म्हणाला.

"तसंच," सोमेश म्हणाला.

ज्या पट्टीत अटी, अर्ज आणि साहेब यांच्यानं एक पाटी माती पडली नव्हती, तिथं त्या दिवशी टिप्परची रांग लागली. गुरम्मा ओसरीवर खुर्चीत बसून राहिली, भजनं दुसऱ्या दिवसापर्यंत चालली, आणि खाली तिचा लेक स्वतः पायजमा खोचून थरांवर पाण्याचा पाइप धरून उभा होता. मावशी काठावरून बघत होती. मधूनच ओरडायची, "तिकडं कोरडं राहिलं!" आणि खदानीचा मालक मुकाट्यानं पाइप तिकडं वळवायचा. लखननं आदल्या सहा महिन्यांत जेवढं उकरलं होतं त्यातलं थोडं परत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवमूर्तींच्या डाव्या हाताला दोन माणसं न डगमगता उभी राहतील एवढी जमीन झाली होती.

गुरम्माला बसवताना मीठ कमी पडलं. धांदलीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे एकमेकांकडं पाहू लागले. मावशी किशनरावला म्हणाली, "माझ्या खड्ड्यातलं पोतं काढ." तिनं ते मीठ आणि विभूतीचा डबा, सगळंच गुरम्माला दिलं. पहिली ओंजळ स्वतः घातली. म्हणाली, "ताकाचं देणं राहिलं होतं, गुरम्मा." गुरुपादप्पा ढसाढसा रडला, आणि त्या वेळी मला त्याचा राग आला नाही.

सगळ्यांना वाटलं, मिटलं. मलाही वाटलं. मी नांदेडला जायची पिशवी भरली. भरलेला तुकडा गुरम्मापाशी संपत होता. काकांच्या बाजूची कड तशीच कोरलेली होती. पण एवढं झाल्यावर आता गुरुपादप्पा तेही करील, असं गाव म्हणत होतं.

विधी आटोपले आणि भोंगा वाजला.

मावशी ताटावरून उठली. हात धुतले. पेळू पिशवीत टाकला.

"मावशी, आता कशाला?" मी म्हटलं.

"खड्डा रिकामा हाय की. मीठ गुरम्माला दिलं. आता त्यात दुसरं काय ठेवू?"

ती जाऊन बसली. भोंगा वाजत राहिला. थोड्या वेळानं गुरुपादप्पा आला, या वेळी खालून नाही, वरच्या वाटेनं, पायी. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. रागावला नव्हता, थकला होता.

"मावशी, आता तरी उठा. माझी आई बी इथंच हाय आता. मी का इथलं वाईट करीन?"

"म्हणूनच बसलेय." मावशीनं भिंतीतल्या भेगेवर तळहात ठेवला. "ही भेग कुठवर गेलीय ते बघ. तुझ्या आईखालची माती माझ्या मातीला टेकून उभी हाय. आधी मी सरकणार, मग तुझे अण्णाराव काका, मग मधले दोघं, आणि मग ती. उडव सुरुंग. मी न्हाई उठत."

गुरुपादप्पा भेगेच्या कडेकडेनं चालत गेला. काकांच्या मागून, मधल्या दोन समाधींच्या मागून. मी त्याच्याकडं पाहत होते. शहाबादी ओट्यापाशी, आईवर टाकलेल्या ताज्या मुरमापाशी तो थांबला. भेग तिथं केसाएवढी बारीक झाली होती, पण तिथवर गेली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि बोटानं ती चाचपत राहिला. मग त्यानं खाली तोंड करून हाक मारली.

"लखन! भोंगा बंद कर. आणि टिप्पर वर घे."

आता ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली आहे. पावसाळा गेला, भेग उघडली नाही. कडुनिंबं आहेत, या वेळी पिशवी फाडून लावलेली. खदान चालू आहे, पण लांबून, आणि पुढं सरकलीच तर मावशी पेळू घेऊन निघते. खड्ड्यात मिठाचं नवं पोतं आहे, वर फरशी टाकलेली. ते पोतं गुरुपादप्पानं आणून ठेवलं.

परवा मी गेले होते, तेव्हा स्वामींनीच तिला चेष्टेनं विचारलं, "बसम्मा, जागा तर पक्की झाली. आता कधी?"

"कशाला घाई?" मावशी म्हणाली. "मी तिथं जाऊन बसले की मग इथं पहारा कोण देणार?"